डावा बूट

"काका, दिसायला हे झकासच आहेत," दुकानातली मुलगी म्हणाली, "पण खरं सांगू का, तळ कडक आहे. जुन्या पद्धतीचे ना."

लाल-पांढरे, घोटा झाकणारे बास्केटबॉलचे बूट. कारखान्यातला तो फिटर त्यांच्याकडेच बघत राहिला. कारखान्याच्या संघातून खेळायचा तेव्हा अगदी असेच होते त्याच्याकडे. तेव्हा सगळे त्याला जिराफ म्हणत.

बायकोने राखाडी जोडी पुढे केली. रुंद, मऊ, लेस नसलेली. "हे घ्या. आत हात घालून बघा, नुसता कापूस आहे."

"अगं, पण रूप बघ की त्यांचं. दवाखान्यातून पळून आल्यासारखा दिसेन."

"दिसा. मिरवायला जायचंय का कुठे?"

मणक्याच्या ऑपरेशननंतर त्याचं डावं पाऊल बधिर झालं होतं. अकरा महिने झाले. खडा रुतला तरी कळायचं नाही. रोज संध्याकाळी ती ते पाऊल मांडीवर घेऊन, चष्मा लावून, बोटांच्या बेचक्यांतून जखम शोधायची. डॉक्टर म्हणाले होते, जाणीव येईलही, न येईलही. तोवर बूट मऊच हवेत.

"नुसते घालून बघतो," तो म्हणाला. "घेत नाही."

मुलीने लेस आवळून दिल्या. काठी टेकत तो आरशापर्यंत गेला. आधी बूट पाहिले, मग खांदे सरळ केले. बायकोला हसू आलं. ते तिने लपवलं.

परत येताना तो मध्येच थांबला.

"छान आहेत गं. पण चावतात."

"मी सांगत होते ना..." ती म्हणाली आणि तिची नजर बुटांवर गेली. "कुठला चावतो?"

"हा." त्याने खाली पाहिलं. मग तिच्याकडे. "डावा."

ती तिथेच फरशीवर बसली. टाचेमागे, बुटाच्या काठात अंगठा सारून दाबला. "इथे?"

"जरा खाली. हां, तिथेच. दुखतंय."

तिने पुन्हा दाबलं. तो पुन्हा कळवळला. दोघांपैकी कोणीच हललं नाही.

मुलीला काही उमगेना. "काकू, एक नंबर मोठा आणू का? की राखाडीच देऊ?"

तिने मोकळ्या हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"राखाडीच दे गं," ती म्हणाली. "पण हा एवढ्यात काढू नकोस. चावू दे थोडा."