दोन कुलपांची कोठी

"शेषराव! चला, कोठी उघडाची हाये!"

रंगराव चौकीदारानं फाटकापाशी उभं राहून हाक मारली, आणि सोजराबाई चाबी घेऊन उठली. शेषराव, तिचा नवरा, श्रावणातच वारला होता. आता शिमगा जवळ आला होता.

मोताळ्याच्या सोसायटीची ती बियाण्याची कोठी. तिला दोन कुलपं. वरच्याची चाबी रंगरावकडे, खालच्याची कोठीवाल्या शेषरावकडे. दोन्ही चाब्या एका हातात कधी येऊ द्यायच्या नाहीत आणि कोठीवाल्याशिवाय कोणी आत पाय टाकायचा नाही, असा सोसायटीचा कायदा. शेषरावची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी रंगराव दारात उभा राहिला.

"वरतून हुकूम येऊन नाव निघेपर्यंत चाबी त्याईच्याच नावावर हाये," त्यानं शेषरावच्या आईला, रुखमाबाईला सांगितलं. "मले तिले हात लावता येत नाही. घरच्या माणसानंच आणली पाहिजे."

घरात उरल्या होत्या दोन बाया. म्हातारीचे गुडघे गेलेले. म्हणून कोपऱ्यात बसलेली सोजराबाई उंबरठ्याबाहेर आली.

तेव्हापासून रोज सकाळी रंगराव पुढं आणि ती मागं. मधे एका माणसाएवढी जागा. ती जागा रंगरावनं कधी कमी केली नाही, आणि सोजराबाईनंही नाही. दोघंही अनवाणी, तरी त्या जागेतून शेषरावच्या नव्या वहाणांची करकर यायची. सोजराबाई मान खाली घालायची. कान मात्र तिथंच ठेवायची. कोठीपाशी आली की खालचं कुलूप काढायची आणि मागं न पाहता घरी परतायची. वरचं उघडायचं काम तिच्यामागं रंगरावचं.

"काऊन वं सोजरा, सकायीच लोकाईले आडवी जातं?" शेजारची गोजरबाई टोचायची. "देऊन टाक ना ते लोखंड ज्याचं त्याले!"

सोजराबाई चाबी पदराखाली झाकून घेई. ते लोखंड गेलं की हाकही जाईल, हे सांगायचं तरी कोणाला? नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात बायांनी दार अडवून उखाण्याचा हट्ट धरला, तेव्हाही नाव ओठापर्यंत आलं आणि लाजून मागं फिरलं. पुढं 'ते' म्हटलं की भागायचं. शेषराव हसायचा. "घेशीन एखाद्या दिवशी. मी काई पयून नाही चाललो." जात्यावर बसली की ती गायची,

पहाटेच्या पारी, चाबी वाजते अंगणी
सांगू कशी बाई, उठले कुंकवाचे धनी

ओवीतसुद्धा नाव आडवाटेनंच यायचं. म्हातारी त्याला 'बापू' म्हणे. आता तेही म्हणत नव्हती. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. अख्ख्या जगात ते नाव एका चौकीदाराच्या तोंडात उरलं होतं, आणि तिथं ते या चाबीच्या जोरावर तग धरून होतं.

मग बाजाराच्या दिवशी तिच्या कानावर आलं. सोसायटीत नवा कोठीवाला आला म्हणे, कोणी उत्तमराव.

दुसऱ्या सकाळी तिनं कुलूप काढलं, पण ती परतली नाही.

"वहिनी, जा आता घरी."

"नाही, भाऊ. त्या नव्या माणसाले भेटाचं हाये मले. हात जोडीन. चाबी राहू द्या म्हणीन."

रंगराव जागचा हलेना. त्याचा हात वर जाईना. तेव्हा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सोजराबाईनं मान वर केली. वरच्या कडीत कुलूप नव्हतंच. तुरीची एक काडी खोचलेली होती.

तिनं काडी ओढली आणि दार ढकललं.

आत एकही पोतं नव्हतं. जमीन झाडून लख्ख केलेली. कोपऱ्यात मूठभर सरकी सांडलेली. आणि खुंटीवर शेषरावची टोपी, तो सकाळी येऊन टांगायचा तशी.

"बियाणं दिवाईतच नव्या गोदामात गेलं," रंगराव तिच्या पाठीमागून म्हणाला. "मलकापूर रोडले. उत्तमराव तवापासूनच हाये. कायदाबी गेला त्याच्यासंग तिकडं."

"मंग आपण दोघं रोज काय उघडून राह्यलो, भाऊ?"

रंगराव टोपीकडे पाहत राहिला. "इतके वर्सं सकायी त्याईले हाक मारली, वहिनी. न मारता दिवस कसा उगवते, मले मालूमच नाही." त्यानं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "अन् हाक मारली की तुमच्या घरातून चाबी वाजे. वाटे, ते निंगाले. चुकलं माहं. उद्यापासून नाही येत."

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही.

उन्हं घराच्या धाब्यावर चढली. चूल पेटली, भाकरी झाली. फाटकापाशी कोणी नव्हतं. म्हातारी भिंतीला टेकून, कान फाटकाकडे लावून बसली होती.

"आज रंगराव आला नाही वं?" तिनं विचारलं. मग आपल्याशीच म्हणाली, "सकायी तेवढं नाव कानावर पडे."

सोजराबाई उठली. चाबी मुठीत घेतली आणि एकटीच निघाली. गोजरबाई हातातला खराटा तसाच धरून पाहत राहिली. वाटेत करकर होतीच, पण आज ती पुढं नव्हती. तिच्या मागून येत होती.

रंगरावच्या झोपडीचं दार लावलेलं होतं. ती दाराशी उभी राहिली. लग्नात आलं होतं तसंच नाव ओठापर्यंत आलं, आणि तसंच मागं फिरू लागलं. तिनं त्याला मागं जाऊ दिलं नाही.

"शेषराव!" तिनं हाक मारली. "चला, कोठी उघडाची हाये!"