डावा हात

गाडीच्या मालकाने रेसवरून पाय काढला की इंजिन फडफडून बंद पडायचं. अर्धांगातून उठल्यावर केरबा मिस्त्रीने बांधलेलं हे पहिलंच इंजिन.

"हात बरा झाला म्हणालात म्हणून गाडी दिली, मिस्त्री. जमत नसेल तर दुसरीकडं नेतो."

"पुन्हा चालू करा. रेस धरून ठेवा." केरबाला घाम फुटला होता. प्लग, टायमिंग, सगळं तपासून झालं होतं.

तेवढ्यात त्याची बायको हौसा इंजिनाला ओवाळायला उदबत्ती घेऊन बॉनेटखाली वाकली.

"अगं, पेट्रोल आहे तिथं!" तो खेकसला आणि थबकला. पंख्याच्या वाऱ्याने उडायचा सोडून धूर कार्बोरेटरच्या बुडाशी आत ओढला जात होता. म्हणजे तिथल्या फटीतून हवा आत शिरत होती, नट सैल होता. त्या अडचणीत फक्त डावा हात पोचतो. आणि डावा हात बरा झाल्याचं तो गावभर सांगत सुटला होता.

त्याने इंजिन बंद करायला लावलं. पाना हौसाच्या हातात दिला. "आवळ."

"अहो, मला कुठं येतंय?"

"मी सांगतो की."

या वेळी पाय काढला तरी इंजिन संथ चालत राहिलं. हौसाने पाना पुढे केला.

"राहू दे तुझ्याकडंच," केरबा म्हणाला.