टोपलीची खालची बाजू

धाकटी जाऊ दवाखान्यात आली आणि ओळख न दाखवता समोरच्या खुर्चीवर बसली. ना हाक, ना मान हलवणं. वयाने मोठं माणूस समोर बसलंय, एवढं तरी बघावं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. उठून पाठ फिरवून बसावं असं तिला वाटलं. पण उठणंच तर होत नव्हतं. त्यासाठीच ती इथे आली होती.

पाठ धरून वर्ष होत आलं होतं. गोळ्या झाल्या, लेप झाले, शेकून शेकून कातडी काळवंडली. सकाळी अंथरुणातून उठवायला सून लागायची. सून मायेनेच हात द्यायची, पण थोरलीला तो हात विंचवासारखा डसायचा. आयुष्यात कुणाच्या हाताने उठली नव्हती ती. मुलाने मग हा माणूस शोधून काढला. मणके हाताने जागेवर बसवतो म्हणे. पाटीवरचं त्याचं लांबलचक बिरुद थोरलीच्या जिभेवर चढेना, म्हणून तिने त्याला मणकेवाला करून टाकलं.

मणकेवाल्याने तिला आत स्टुलावर बसवलं. पडदा नावापुरता, आतलं सगळं बाहेर दिसत होतं, ऐकूही जात होतं. पाठीवरून बोटं फिरवत त्याने विचारलं, "आजी, जन्मभर काय उचललंत?"

"ओल्या चादरी."

घरचीच लॉन्ड्री होती. दोघे भाऊ खाली भट्टी आणि इस्त्री सांभाळायचे, धुणं दोघी जावांचं. पिळलेल्या चादरी दोन कड्यांच्या मोठ्या टोपलीत भरायच्या आणि गच्चीवर न्यायच्या. जिना अरुंद. धाकटी पुढे, थोरली मागे. मागचीला भार जास्त, हे शेंबडं पोरही सांगेल. थोरलीने ती बाजू पहिल्याच दिवशी घेतली आणि कधी कुणाला दिली नाही.

गच्चीवर चादरी ताणून घातल्या की मधे पांढऱ्या गल्ल्या तयार व्हायच्या. त्या सावलीत बसून दोघी डबा खायच्या. निळीचा वास, गार वारा, सुरकुतलेली बोटं. धाकटी दोघा भावांच्या नकला करायची. थोरलीला ठसका लागेपर्यंत हसू यायचं. खालून सासूबाईंची हाक आली की दोघी एकाच चादरीमागे लपायच्या आणि खालून चार पाय दिसताहेत हे विसरायच्या. तसं हसणं थोरलीला पुढे कधी आलं नाही.

खटकायची ती एकच गोष्ट. जिना चढताना धाकटी वाकायची. हात मागे, कंबर मोडलेली, जणू कुणी पाठीवर पोतं दिलंय. भार खालचीला आणि कण्हणार वरची! एक दिवस चार गिऱ्हाइकांसमोर थोरलीच्या तोंडून गेलं, "ओझं मी वाहते आणि सोंग ही करते." धाकटीने जिन्यातच टोपली खाली ठेवली. उलट एक शब्द बोलली नाही. पावसाळा संपायच्या आत बिऱ्हाडं वेगळी झाली. पुढे यंत्रं आली. दोघेही भाऊ गेले. दोघी जावा लग्नाकार्यांत मांडवाच्या दोन टोकांना बसायला शिकल्या.

"कसं उचलायचात ते दाखवा," मणकेवाला म्हणाला. "नुसती रीत. ती कळल्याशिवाय मी मणक्याला हात लावणार नाही."

त्याने वापरलेल्या टॉवेलांची टोपली पुढे ओढली. मागच्या खोलीकडे जायला दोन-तीन पायऱ्या होत्या, त्या दाखवल्या. मग पडद्याबाहेर बघून म्हणाला, "मावशी, जरा पलीकडून धरता का?"

"दुसरं कुणी नाही का तुमच्याकडे?" थोरली फणकारली.

धाकटी उठली. एक हात खुर्चीवर, एक कमरेवर, श्वास रोखून, थांबत थांबत. थोरली बघत राहिली. म्हणजे हिचीही पाठ गेली तर!

कुणी पुढे, कुणी मागे, हे दोघींना सांगावं लागलं नाही. थोरलीने खालची कडी धरली. धाकटी पायरी चढली आणि वाकली. तशीच. हात मागे, कंबर मोडलेली.

"अहो, अशा का वाकता?" मणकेवाला घाईने पुढे झाला. "ताठ चढा की. तुम्हाला हलकं जाईल."

"मला जाईल," धाकटी म्हणाली. "पण वरची कडी उंच गेली की टोपली कलते. भार सगळा खाली जातो. खाली जाऊबाई असायच्या."

थोरलीने टोपलीकडे पाहिलं. पायऱ्यांवर असूनही टोपली सपाट होती. तिच्यात भरलेला तांब्या ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. इतके दिवस, इतके जिने, तिची नजर त्या वाकलेल्या पाठीवरच राहिली होती.

धाकटी अजून वाकलेलीच होती. मागे वळूनही बघत नव्हती. थोरलीने कडी सोडली नाही. ती बाहेरच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लबाड आहेस तू, लबाड! जन्मभर मला वाटत राहिलं, ताकद माझ्यातच आहे."