भांग पाडलेला चोर

मुलांच्या पुस्तकातला चोर. त्याच्या वाट्याला आलंय एकच पान, पान अकरा. चोर सापडतो आणि लोक त्याला बडवून काढतात. त्या पानाचं चित्र बघून लेखकाचं डोकंच फिरलं. चित्रकार बाईंच्या खोलीत शिरल्या शिरल्या त्यानं कागद टेबलावर आपटला.

"बाई, चोर काढायला सांगितला होता, तुम्ही जावई काढून ठेवलात! चापूनचोपून भांग काय, गळ्यापर्यंत बटणं काय! उद्यापर्यंत बदला, नाहीतर मी दुसरा चित्रकार बघतो."

बाई ब्रश धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, नोकरीसाठी मुलाखती देतोय तो. घराबाहेर पडायचं म्हटलं की हात आपोआप कंगव्याकडे जातो. चोरीला निघतानाही गेला. पहिलीच वेळ ना बिचाऱ्याची."

"हे माझ्या गोष्टीत कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही. तुम्ही 'चोर' एवढं लिहून मोकळे झालात. मला त्याला दोन पायांवर उभा करायचा होता."

पंधरा पुस्तकांचा माज असलेल्या माणसानं कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघत राहिला. मग तिथूनच प्रकाशकाला फोन लावला.

"छपाई थांबवा. छे हो, चित्र अस्सल आहे, त्याला हात लावायचा नाही. पान अकरा मला नव्यानं लिहायचंय. तोंडसुद्धा न बघता मी याला मार खायला लावला होता."