बिननावाचं जहाज

भिवाने रत्नागिरीच्या जेटीवर जन्मभर होड्यांची नावं रंगवली. आपल्या मुलाचा, सूरजचा, या रंगकामातला हातही त्यानेच बसवला. आता सूरज मालवाहू जहाजावर खलाशी होता. आखातात लढाई पेटल्यापासून तीन आठवडे ते जहाज तिथेच नांगर टाकून अडकलेलं. ना पुढे, ना मागे.

"आजोबा, तुमचा आवडता सिनेमा!" नात ऋतिकाने टीव्हीवर कादंबरीवरून काढलेला तो जुना युद्धपट लावला. तरुणपणी थेटरात, पडद्यावर पाणबुडीने शत्रूचं मालवाहू जहाज फोडलं, तेव्हा भिवाने शिट्ट्या मारल्या होत्या. आज तोच प्रसंग आला आणि तो ओरडला, "थांबव गो! त्या जहाजाचं नाव वाच."

"दिसत नाही. शत्रूचं आहे ना ते."

"बिननावाचं जहाज असतं काय कुठे? आत माणसं असतात गो."

ऋतिका थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबांचा फोन होता. त्यांच्या जहाजाचं नावपण काल रंग मारून झाकलं. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून."

"रंग कुणी मारला?"

"बाबांनीच. कप्तान म्हणाला, तुझा हात बसलेला आहे."