गाळ काठावर वाळत ठेवणे

“मशीन लिखू नको, बेटी,” कस्तुराअक्का म्हणाल्या. “मशीनले काय डोया ऱ्हातस?”

हेमलता लिहिता लिहिता थांबली. ती जळगावच्या एका कंपनीत इंजिनियर होती. धुळ्यातल्या वरच्या नव्या कॉलन्यांसाठी पावसाळी गटारं बांधायची होती आणि त्यांचं पाणी या जुन्या नाल्यात सोडायचं होतं. बांधकामाचा खर्च दुसऱ्यांनी काढला होता. पुढची दहा वर्षं गटारं आणि नाला साफ ठेवायला काय लागेल, तो अंदाज तिच्याकडे होता. असं काम सहसा नव्या माणसाला देतात. कारण मंजुरीच्या वेळी पहिली कात्री या खर्चालाच लागते.

“मग कसा काढायचा गाळ?”

“आते काढतस तसाच. ढापे उचलाना, फावडाघाई उपसाना. आनि काठवर टाकाना. आठ-धा दिन सुकू देवाना.”

“अक्का, तेवढ्यात वळवाचा पाऊस येतो आणि तोच गाळ परत नाल्यात जातो. दरवर्षी हेच होतं ना?”

“जाऊ दे. परत काढसूत.”

हेमलता हसली. “म्हणजे बायांना दोनदा मजुरी.”

अक्काही हसल्या, जरा उशिरा. “हां. तसंच लिख.”

अक्का वस्तीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष होत्या. मागच्या उन्हाळ्यात उपशाचं काम गटातल्या बायांनीच केलं होतं. हेमलताला त्यात काही वावगं वाटलं नाही. मागायचं ते माणसानं तोंडावर मागावं.

दोघी काठाने चालत निघाल्या. बाजाराखालून येणारा नाला ढाप्यांनी झाकलेला होता, वस्तीपाशी तो उघडा पडत होता. काठावर गेल्या उपशातली उरलीसुरली ढेकळं अजून पडून होती. अक्का चालता चालता काठीने एकेक ढेकूळ फोडत होत्या.

“वांग्यांना बरी ही माती,” हेमलता म्हणाली.

“हां. बरी शे.”

मग अक्का स्वतःहून बोलू लागल्या. त्या लग्न होऊन इथे आल्या तेव्हा नाल्यात पांढरी वाळू होती. बाया झिरे खोदून पाणी भरायच्या. त्या पाण्यात डाळ लवकर शिजायची. दुपारभर पोरं नाल्यात असायची आणि कोणाची आई त्यांना शोधायला यायची नाही. पुढे बाजार वाढला, वर ढापे पडले. खाली काय चाललंय ते दिसेनासं झालं.

“तवय नालानी भीती नव्हती,” अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं ढेकूळ फोडलं.

हेमलताने दोन अंदाज तयार केले, एक मशीनचा आणि एक हाताच्या उपशाचा. दुसऱ्यात एक ओळ होती : ‘गाळ काठावर वाळत ठेवणे’. कंपनीचे मालक संयम सर ती ओळ वाचून खो खो हसले.

“हेमलता, त्या अक्कांनी तुला गुंडाळलं. अगं, गाळ वाळत ठेवायला तो काय पापड आहे?”

“सर, पंधरा-वीस बायांची मजुरी आहे त्यात.”

“आणि अक्कांचा टक्का.” त्यांनी ओळीवर रेघ मारली. “हे बघ, आपल्याकडे बांधायला पैसा मिळतो, झाडायला मिळत नाही. देखभाल जास्त दाखवलीस तर अख्खी योजना कपाटात जाईल. मशीन स्वस्त पडतं. गाळ ओढतं, बंद टाकीत भरतं, थेट शहराबाहेर. ना वास, ना चिखल.”

“पहिली दोन वर्षं चालेल, सर. मग ते मशीन कुठेतरी उभं राहील.”

“राहू दे की. तोवर आपण तिथे नसू.”

हेमलता भांडली. आधी नरमाईने, मग आवाज चढवून. उघड्या भागापुरता तरी हाताचा उपसा ठेवा, म्हणाली. सरांनी तोही काढला. तिच्या हाती एकच गोष्ट लागली. नव्या गटारांच्या तोंडाशी जाळ्या बसणार होत्या. पावसाळाभर त्यातला कचरा रोज काढायचं काम स्थानिक बचत गटाला द्यावं, एवढं सरांनी राहू दिलं.

ते सांगायला ती स्वतः धुळ्याला गेली. बाया समाजमंदिराच्या ओट्यावर जमल्या होत्या. गाळ आता मशीनची गाडी काढेल आणि थेट शहराबाहेर नेईल, हे सांगताना तिला त्यांच्याकडे बघवेना. जाळ्यांचं मात्र तिने घाईघाईने सांगितलं.

“चार महिने रोज मजुरी?” लताबाईंनी विचारलं.

“रोज.”

“मंग चांगलंच व्हयनं ना! गाळमा उतरानी कोनले हौस शे? मना पाय आजून खाजवतस.”

बाया हसल्या. एकीने चहा सांगितला. हेमलताला सुटल्यासारखं वाटलं.

“अक्का, तुम्हीही खूश ना?” तिने विचारलं.

अक्कांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. चहा त्यांनी घेतला नाही.

बाया एकेक करून गेल्या. हेमलताही बसस्टँडला जायला उठली, तेव्हा अक्कांनी तिचं मनगट धरलं.

“ती गाडी आमना नालाना गाळ कोठे टाकस, तेवढी जागा माले दखाडी दे,” त्या म्हणाल्या. “मना नातू भिकन पूरमा त्या ढापासखाले वाही गया. आजून निंघना नही, बेटी.”