सुमेधचं शेवटचं रेकॉर्डिंग

कात्रपचा सुमेध रॉक बँडमध्ये गायचा. सव्विसाव्या वर्षी त्याला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. आदल्या दिवशी मित्रांनी अंबरनाथला स्टुडिओ बुक केला. "भाई, आवाज आहे तोवर सगळी गाणी रेकॉर्ड करून घे."

तो एकही गाणं गायला नाही. "गाणी तुम्ही म्हणाल रे. उद्यापासून आईशी कसा बोलू?" असं म्हणून तो दोन तास माइकसमोर घरातलीच वाक्यं बोलत बसला. "आई, भूक लागलीये." "आई, गोळी घेतलीस का?"

ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आलाच नाही.

त्याची आई रंजनाताई रोज सकाळी मोबाइलवर त्यातलं एकच वाक्य लावतात, "आई, येतो गं," आणि दाराची कडी काढून ठेवतात.